कमी आहे ना?

१ जानेवारी १९७४, मंगळवार

जूनमध्ये निवृत्त झालो, शाळा सुटली. अडतीस वर्षं घंटेवर उठबस केलेला माणूस घंटा नसली की दिवसभर घरच्यांच्या पायात येतो. शेवटी आमच्या पार्वतम्मा म्हणाल्या, "काहीतरी उद्योग काढा, नाहीतर मी तरी माहेरी जाते." पंचावन्नाव्या वर्षी माहेरी जायची धमकी देणारी बायको बाळीवेशीत दुसरी नसेल.

तर उद्योग काढला. स्काउटच्या शिबिरात मिळालेलं प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट काच बसवून ओट्यावर टांगलं. खाली पत्र्याची पेटी ठेवली. तीत टिंक्चर, बोरिक, खायचा सोडा, हिंग, ओवा, एरंडेल आणि एक थर्मामीटर. गल्लीला औषध फुकट. शाळेतून एक तडकलेला फळा मागून आणला होता, तो दाराशी टेकवून रोज सकाळी त्यावर आरोग्याचा एक नियम लिहायचा आणि संध्याकाळी पुसायचा. आजचा नियम : पोट साफ तर दुखणं माफ.

गल्लीच्या टोकाला रंभाबाई राहते. बाळंतिणींना, तान्ह्या पोरांना न्हाऊ घालते, कुणाचं पोट धरलं तर चोळून देते. तिला अक्षर येत नाही, पण तेलाची वाटी घेऊन जाताना रोज थांबते. "आज काय लिवलंय, मास्तर?" मी वाचून दाखवलं. म्हणाली, "मंग संडासाच्या रांगेतली समदी निरोगीच म्हनायची की." आणि गेली. पेटी निघाल्यापासून पोटदुखीवाले माझ्याकडे वळलेत, ते तिला झोंबत असावं.

१७ जानेवारी, गुरुवार

संक्रांत झाली, गड्ड्याची जत्रा भरलीय. परवा पार्वतम्मा सुनेला घेऊन जत्रेत जाऊन आल्या. येताना दोघींनी पदरात बोरं आणली आणि काल दिवसभर खाल्ली.

सून म्हणजे चन्नम्मा. मागच्या वैशाखात लग्न होऊन आली. माहेर अक्कलकोटच्या पलीकडे, घरची भाषा कन्नड. मराठी सगळं कळतं, पण बोलणं मोजकं, आणि माझ्यापुढे तर "हूं" हा एकच शब्द. शिवयोगी, आमचा मुलगा, सांगोल्याला कचेरीत कारकून आहे. शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. त्यामुळे पोरगी आमच्याच सांभाळात.

आज सकाळपासून तिच्या बेंबीभोवती दुखतंय. एकदा उलटी झाली. भाकरीकडे बघत नाही. मी निदान एका मिनिटात केलं : बोराची बी. बिया गिळल्या की त्या आतड्यात अडकतात, हे मी वर्गात शंभरदा सांगितलेलं. तिलाही पंधरा मिनिटं ऐकवलं. खाली मान घालून ऐकत होती. बेंबीवर हिंगाचा लेप दिला, ओवा चावायला लावला. पेटीचा पहिला फायदा घरालाच होणार असं दिसतं.

१८ जानेवारी, शुक्रवार, सकाळी दहा

प्रकृतीला उतार आहे. बेंबीपाशी अडकलेलं दुखणं रात्रीत उजवीकडे खाली सरकलं. म्हणजे बाहेर पडायच्या वाटेला लागलं. ताप शंभराच्या थोडा वर. उजवा पाय पोटाशी घेऊन पडलीय, सरळ कर म्हटलं तर करत नाही.

सहाला सुंठीच्या काढ्यात दोन चमचे एरंडेल पाजलं. आठपर्यंत काही होईना, म्हणून आणखी दोन. पार्वतम्मा म्हणाल्या, डॉक्टरला बोलवू या का. म्हटलं, तो हेच देईल, फक्त इंग्रजी नाव सांगून.

मला न विचारता त्यांनी रंभाबाईला मात्र बोलावून आणलं. तिनं चोळलं नाही. उजवीकडे खाली नुसती चार बोटं ठेवून हळू दाबली आणि झटकन उचलली. दाबताना पोरगी गप्प होती, हात उचलला तशी कळवळली. रंभाबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "मास्तर, ह्ये चोळायचं दुखनं न्हाय. म्या हात लावनार न्हाय. पोट फळीवानी झालंया. मोठ्या दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता."

मी म्हटलं, बघतो. रोजची चोळणारी बाई आज चोळत नाही, वर मला दवाखाना शिकवते. पेटीचा राग आहे, दुसरं काय.

त्याच दिवशी, दुपारी दोन

औषध लागू पडलं. दोनदा परसाकडे जाऊन आली आणि साडेबाराच्या सुमाराला दुखणं एकदम थांबलं. मी दारातून विचारलं, "कमी आहे ना?" म्हणाली, "हूं." आता डोळे मिटून पडलीय. हात गार आहेत, कपाळावर घाम. ताप उतरताना असंच होतं.

उद्याचा नियम ठरला : घरचं औषध, अर्धा वैद्य. रंभाबाईला मुद्दाम दोनदा वाचून दाखवणार आहे.

२० जानेवारी, रविवार

काल लिहिलं नाही. आज लिहिताना वरच्या चार ओळी दिसतात. पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही, पण वाटलं हेही लिहून ठेवतो.

शुक्रवारी पाचच्या सुमाराला पार्वतम्मा सुनेला चहा द्यायला गेल्या आणि तिथूनच मला हाक मारली. नावानं. लग्नाला सदतीस वर्षं झाली, त्यांनी माझं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. चन्नम्मेचे ओठ पांढरे पडलेले, पोट फुगलेलं, श्वास वर वर चाललेला. टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेली. टांगा खड्ड्यात गेला की ती दात दाबून धरायची. रंभाबाई गल्लीच्या तोंडाशी उभी होती. तिनं काही विचारलं नाही.

तिथले सर्जन म्हणजे महिपती, माझा सातवीचा विद्यार्थी. मला बघून आधी पायाशी वाकला. मग चन्नम्मेला तपासलं आणि चेहरा बदलला. "गुरुजी, अपेंडिक्स फुटलंय. पोटात पू पसरलाय. लगेच उघडावं लागेल."

अपेंडिक्स, म्हणजे आंत्रपुच्छ. सातवीच्या शरीरशास्त्रात त्यावर एक ओळ होती : याचा मनुष्यास विशेष उपयोग नाही. तीस वर्षं ती शिकवली. फळ्यावर पोटाची आकृती काढायचो आणि बजावायचो, "चित्रात डावीकडे दिसतंय म्हणून फसू नका रे, शरीरात ते उजवीकडे, खाली." दरवर्षी परीक्षेत विचारायचो. याच महिपतीला मी त्यात पैकीच्या पैकी दिले असतील. आणि शुक्रवारी सकाळी या वहीत मी स्वतःच्या हातानं लिहिलं, "उजवीकडे खाली," आणि वाचून मला काही आठवलं नाही.

त्यानं विचारलं, "गुरुजी, जुलाबाचं काही दिलं नाही ना? अशा दुखण्यात ते फार वाईट."

मी म्हटलं, "नाही."

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. तो तसाच बघत होता म्हणून पुढे बोललो, "गल्लीतली एक बाई पोट चोळते. सकाळी येऊन गेली. तिनं काही दिलं असेल तर मला माहीत नाही."

पार्वतम्मा शेजारी उभ्या होत्या. काढ्याचा पेला त्यांच्याच हातात होता सकाळी. त्या काही बोलल्या नाहीत.

ऑपरेशनच्या कागदावर सही केली. मग सिस्टर म्हणाल्या, गळ्यातलं काढा. चन्नम्मेच्या गळ्यात इष्टलिंग आहे, आम्हा लिंगायतांना लहानपणी दीक्षेत मिळतं ते. ते अंगावेगळं करायचं नसतं, हे सिस्टरना कोण सांगणार. पोरीला धड शुद्ध नव्हती, तरी तिनं मुठीत दाबून धरलं. पार्वतम्मा कन्नडमध्ये काहीतरी बोलल्या, तेव्हा मूठ सुटली. लिंग तिनं सासूकडे दिलं नाही. माझ्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "आप्पा, खाली ठेवू नका."

लग्नानंतर ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं सबंध वाक्य.

अडीच तास बाकावर बसलो, तळहात पुढे धरून. पूजेला बसतो तसाच बसलो होतो, पण मंत्र म्हणवेना. नुकतंच खोटं बोललेलं तोंड आणि हातात तिचं लिंग. माझी मला एवढी किळस कधी आली नव्हती. कुणीतरी पाणी आणून दिलं, ते घेतलं नाही.

जगली आहे. पोटात रबराची नळी ठेवलीय, तीतून घाण येते. महिपती म्हणतो, आठ दिवस काही सांगता येणार नाही.

२३ जानेवारी, बुधवार

तार मिळताच शिवयोगी आला. दवाखान्यात कुणीतरी त्याला म्हणालं, गल्लीतल्या बाईनं पोट चोळून फोडलं. ते कुणीतरी कुठून शिकलं हे मला ठाऊक आहे.

तो थेट रंभाबाईच्या दारात गेला. मी मागे गेलो, त्याला आवरायला म्हणून. खरं कारण, ती काय बोलते ते मला ऐकायचं होतं. सगळी गल्ली गोळा झाली. तो वाट्टेल ते बोलला. ती म्हणाली, "म्या हात लावला व्हता, पर चोळलं न्हाय. दवाखान्यात न्या म्हनलं व्हतं. इचार तुज्या बापाला." आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "शिवयोगी, चल घरी. आता तो विषय नको."

हे शब्द मी फार शहाण्या माणसासारखे बोललो. गल्लीला वाटलं, मास्तर मोठ्या मनाचे, एवढं होऊनही बाईला माफ करतायत. धुळाप्पा किराणावाले तर तोंडावर तसं म्हणालेसुद्धा. घरी येऊन मोरीत तोंड धुतलं, दोनदा.

२८ जानेवारी, सोमवार

परवा थंडी वाजून ताप भरला. ओटीपोटात पू साठला होता. काल पुन्हा भूल, पुन्हा चीर. लिंग पुन्हा माझ्याच हातात. या वेळी तिनं विचारलंही नाही, सरळ माझ्याकडे हात केला.

आज सकाळी महिपतीला धीर करून विचारलं, हे होतं कशानं? बोराच्या बीनं का? तो हसला. "बी क्वचित गुरुजी, हजारात एखादी. त्या शेपटाचं तोंड कशानंतरी बंद होतं, बऱ्याचदा आतल्याच मळाच्या खड्यानं. मग ते सुजतं, आत पू धरतो. त्यात तिचा काही दोष नाही." मग आपणहून पुढे सांगू लागला, मी जसा वर्गात सांगायचो तसा. पहिल्यांदा बेंबीपाशी दुखतं, मग उजवीकडे उतरतं. वेळेत आलं तर साधं ऑपरेशन, आठ दिवसांत घरी. पण जुलाब दिला की आतडं जोर करतं आणि सुजलेलं शेपूट फुटतं. "आणि फुटलं की गुरुजी, आतला ताण सुटतो. दुखणं तासभर थांबल्यासारखं वाटतं. घरच्यांना वाटतं बरं झालं."

साडेबाराचे दोन झाले होते. मी तेवढा वेळ फळ्यावरच्या ओळीची जुळवाजुळव करत होतो.

"त्या बाईला समज द्यायला हवी गुरुजी. आणखी कुणाचा जीव जायचा," महिपती म्हणाला. मी मान डोलावली. मान डोलावली.

४ फेब्रुवारी, सोमवार

चन्नम्मेचा ताप गेला. नळी काढली. पेज पिते.

रंभाबाईकडे जायचं ठरवून तीनदा निघालो. पहिल्यांदा तिच्या दाराला कडी होती. दुसऱ्यांदा दार उघडं होतं, पण शेजारीण बाहेर बसली होती. तिसऱ्यांदा कुणी नव्हतं, तरी परत आलो.

तिला आता गल्लीत कुणी बोलावत नाही. कोपऱ्यावरच्या घरात बाळंतीण आली, त्यांनी साखर पेठेतून दुसरी बाई आणली. काल संध्याकाळी रंभाबाई आपणहून आमच्या ओट्यापाशी आली. हातात तेलाची वाटी नव्हती. बसली नाही, उभ्यानंच म्हणाली, "मास्तर, तुमी येक शब्द सांगा की लोकास्नी. मला दुसरं काम येत न्हाय."

मी म्हटलं, "पोरगी घरी येऊ दे. सध्या डोकं ठिकाणावर नाही."

ती म्हणाली, "बरं," आणि गेली. फळा अठरा तारखेपासून कोरा आहे. तिनं तिकडे बघितलंसुद्धा नाही.

अडतीस वर्षांत खोटं बोलणाऱ्या किती पोरांना बाकावर उभं केलं त्याची गणती नाही. त्यातल्या एकाही पोरानं दुसऱ्याची भाकरी घालवली नव्हती.

११ फेब्रुवारी, सोमवार

चन्नम्मा घरी आली. निम्मी झालीय. उंबऱ्यावर पार्वतम्मांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला.

दुपारी शिवयोगी बाजारात गेला होता. मी तिच्या खोलीच्या दारात उभा राहिलो आणि सवयीनं विचारलं, "आता कमी आहे ना?"

ती "हूं" म्हणाली. मग भिंतीकडे बघत, एकेक शब्द मराठीत जुळवत म्हणाली, "आप्पा, त्या दिवशीपण मी हूं म्हणाले. खोटं होतं. दुखायचं थांबलं, पण आत काहीतरी सुटलं, मरते असं वाटलं. पण तुम्ही विचारलं, कमी आहे ना. मग नाही कसं म्हणायचं? माझंच चुकलं."

वर्गात मी अडतीस वर्षं विचारलं, "समजलं ना?" आणि पन्नास पोरं एका सुरात "होऽ" म्हणाली. तो "ना" काढून मी एकदाही कुणाला प्रश्न विचारला नाही. समजलं का, म्हणून विचारलं असतं तर एखाद्यानं नाही म्हटलं असतं आणि मला पुन्हा शिकवावं लागलं असतं. महिपती माझ्याच हाताखाली शिकला. त्यानंही मला "दिलं नाही ना?" असंच विचारलं. पण मी काही वीस वर्षांची भिडस्त पोरगी नव्हतो. मला नाही कसं म्हणायचं हे येत होतं, आणि मी तेच म्हटलं, फक्त हो म्हणायच्या जागी.

मी म्हटलं, "तुझं काही चुकलं नाही. बोरांचंसुद्धा नाही. एरंडेलानं झालं ते."

ती म्हणाली, "माहीत आहे. अत्तींनी सांगितलं." सासूला ती अत्ती म्हणते. मग जरा वेळानं, "रंभाबाई मला बघायला येणार नाहीत का?"

संध्याकाळी वही लिहायला बसलो तर मेजावर एरंडेलाची बाटली. अठरा तारखेपासून ती पेटीत नव्हती. मी कधी शोधली नाही, पार्वतम्मांनी कुठे ठेवली विचारलं नाही. इतके दिवस तांदळाच्या डब्यामागे होती, असं त्या म्हणाल्या. "आता मला नाही लपवून ठेवायची," म्हणाल्या.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

शिवयोगीला सांगितलं. सगळं. तो म्हणाला, "आप्पा, मी त्या बाईला काय काय बोललो." आणि जेवला नाही.

महिपतीला पत्र टाकलं. दोनच ओळी आहेत, सहा कागद फाडले.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सकाळी फळा पुसून काळा केला. तो कोराच होता, तरी पुसला. मग खडूनं, ठळक, सातवीच्या वर्गासाठी लिहायचो तसं लिहिलं :

*चन्नम्मेला एरंडेल मी पाजलं. त्यानं तिचं आतडं फुटलं. रंभाबाईंनी तिला चोळलं नाही. त्या दवाखान्यात न्या म्हणत होत्या. मी ऐकलं नाही आणि नंतर दोष त्यांच्यावर ढकलला.*

खाली सही. सर्टिफिकेट उतरवलं.

ओट्यावर बसून राहिलो. आत जावंसं फार वाटत होतं. नळावर निघालेल्या बायका थांबायच्या, वाचायच्या, माझ्याकडे न बघता पुढे जायच्या. धुळाप्पा चष्मा पुसून दोनदा वाचून गेले, नमस्कार न करता. रोज करतात.

नवाच्या सुमाराला रंभाबाई आली. खाली बघत, भिंतीच्या कडेनं निघाली होती. मी हाक मारली.

"रंभाबाई, आज काय लिहिलंय, विचारलं नाहीत."

"मला काय करायचं हाय," ती म्हणाली. तरी थांबली.

तेव्हा लक्षात आलं. मी रात्रभर एकेक शब्द जुळवला, सगळ्या गल्लीला वाचता येईल असा. जिच्यासाठी लिहिलं तिलाच तो वाचता येत नव्हता. लिहून सुटेन असं वाटलं होतं. उठून फळ्यापाशी उभा राहिलो आणि वाचलं. "पाजलं" पाशी अडकलो, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. शेवटची ओळ वाचताना तिच्याकडे बघणं जमलं नाही, फळ्याकडे बघूनच वाचली.

ती म्हणाली, "परत वाचा. मोठ्यानं. त्या कोपऱ्यावरच्या घरात आयकू जायला पायजे."

मी परत वाचलं, वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जायला वाचायचो तसं. दोन-तीन दारं उघडली. आतून पार्वतम्मा आल्या, त्यांच्या आधारानं चन्नम्मा उंबऱ्यापर्यंत आली. रंभाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जवळ जाऊन पोटाला नाही, गालाला हात लावला. म्हणाली, "लई वाळलीस बाई. उद्या येते तेल घिऊन. पाठ, पाय चोळू. पोट नगं."

मी म्हटलं, "रंभाबाई, माझं फार चुकलं."

"व्हय," ती म्हणाली.

पुढे काही म्हणेल म्हणून मी वाट बघितली. ती निघाली, चार पावलांवर वळली आणि फळ्याकडे बोट दाखवलं.

"सांच्याला पुसू नका ह्ये. मला बोलावनारी मानसं परतूस्तवर असू द्या. आन् म्या रोज इचारनार हाय, काय लिवलंय म्हनून."

संध्याकाळ झाली. सवयीनं फडकं हातात घेऊन बाहेर गेलो होतो, तसाच आत आलो. उद्या पुन्हा तेच वाचायचं आहे.